ओलं शून्य

येरंबीच्या मनोऱ्यावरून टेविटा खाली उतरला, तेव्हा त्याच्या गळ्यात सुतळीला बांधलेली प्लॅस्टिकची एक नळी लोंबत होती. मनगटाएवढी जाड, हातभर लांब, आत खडे ठासून भरलेले. वरपासून खालपर्यंत सगळे गुलाबी.

“घे,” तो मेरिनला म्हणाला. “म्हातारबाने वरच ठेवली होती. कठड्याला अशी करकचून बांधलेली, की गाठ सोडवताना माझी नखं गेली.”

मेरिनने नळी उन्हात धरून फिरवली. हे खडे कोरडे असले की निळे असतात. हवेतली ओल पिऊन तुडुंब झाले की गुलाबी होतात. तळाशी बोटभर जरी निळा थर उरलेला असला तरी काम भागतं. इथे एकही खडा निळा नव्हता.

“ही वर कशी राहिली?”

“मला काय विचारतेस? बाप तुझा,” टेविटा बोलून गेला आणि तिथेच अडखळला. क्लेमला पुरून अजून महिनाही झाला नव्हता. “म्हणजे... तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“कळलं रे. चहा ओत.”

गाडीची मागची फळी उघडी टाकून दोघं तिच्यावर बसले. टेविटा मूळचा टोंगा बेटांवरचा, अंगाने दांडगा. मनोरा चढताना प्रत्येक टप्प्यावर तो वरच्या देवाला आणि खालच्या नटबोल्टांना हाका मारायचा. क्लेमच्या जागी कुणी मिळेपर्यंत कॅनबेराच्या विद्यापीठाने त्यालाच येरंबीला धाडलं होतं. भोवती निलगिरीचं उंच जंगल होतं, आणि मनोऱ्याचं टोक त्या शेंड्यांच्याही वर निघालेलं. त्या टोकाला लोखंडी हातावर, दोन काचा समोरासमोर धरून बसलेलं ते यंत्र होतं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्या दोन काचांमध्ये वीतभर मोकळी हवा असते. खालच्या काचेतून इन्फ्रारेड उजेड निघतो, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा, आणि वरच्या काचेत शिरतो. मधल्या हवेत जेवढं बाष्प, तेवढा तो उजेड वाटेत गिळला जातो. शेजारून दुसऱ्या जातीचा उजेड जातो. त्याला बाष्प तोंड लावत नाही. दोघांची तुलना केली की हवेत पाणी किती ते कळतं, आणि तेही सेकंदाला दहा वेळा. जंगल किती पाणी हवेला परत देतं याचा हिशेब त्यावरून बांधतात. यंत्र हुशार आहे, पण त्याला शून्य म्हणजे काय ते आपणहून कळत नाही. ते शिकवावं लागतं. महिन्यातून एकदा काचांभोवती एक बंद नळकांडं बसवायचं, निळ्या खड्यांतून गाळलेली कोरडी ठक्क हवा पंपाने त्यात सोडायची आणि यंत्राला सांगायचं, की बाबा रे, हे शून्य. त्याची यंत्राच्या नोंदीत एक खूण उमटते. ती खूण उमटली, की कॅनबेरात बसलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

कॅनबेरात बसलेलं ते माणूस म्हणजे मेरिन.

क्लेम हॅल्डेनने उभा जन्म जंगल खात्यात काढला. वणवा लागला की आग विझवायला, नाही लागला तर डोंगरावरच्या टेहळणीच्या खोलीत बसून धुराकडे डोळे लावायला. निवृत्त झाल्यावर त्याने मनोऱ्याची राखण पत्करली. दर मंगळवारी चढायचं आणि काचा पुसायच्या. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शून्य लावायचं. गुलाबी झालेले खडे तो घरी न्यायचा आणि रविवारी ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करायचा. वरच्या कप्प्यात मेंढीची तंगडी, खालच्या कप्प्यात खडे.

“बाबा, विषारी असतात ते,” मेरिन म्हणायची. “वेगळा ओव्हन घ्या.”

“मी खातोय थोडेच? आणि तंगडीची काही तक्रार नाही.”

दुसरी खोड याहून जुनी. काच पुसताना तो चष्मा पुसावा तसा तिच्यावर तोंडाने वाफ सोडायचा, ‘हाऽऽ’ करून, आणि मग सदऱ्याच्या टोकाने घासायचा. एकदा खालच्या काचेवर, एकदा वरच्या. श्वासातलं पाणी ते. नोंदींच्या रेषेवर दर मंगळवारी दोन उंचवटे यायचे, बैलाच्या वशिंडासारखे.

“बाबा, श्वास रोखून पुसायची असते काच. सगळ्या जगात तसंच करतात.”

“सगळं जग माझ्या सदऱ्याने पुसत नाही. चकचकीत होते की नाही, बोल.”

चकचकीत व्हायची. शेवटी मेरिनने नाद सोडला आणि वशिंडं आपोआप कापून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तेव्हापासून मंगळवारची रेषा तिच्यापर्यंत सपाट होऊनच पोचायची.

*

“नळी पूर्ण गुलाबी?” हेस्टरने विचारलं.

“पूर्ण.”

हेस्टर ब्रॉ ही त्यांच्या गटाची प्रमुख. तिच्या टेबलावर बाराही महिने संत्र्यांची सालं वाळत पडलेली असत. मेरिनने जूनपासूनचा आलेख तिच्यापुढे सरकवला. जूनच्या शून्याच्या खुणेनंतर रेषा जराशी खाली बसली होती. जुलैच्या खुणेनंतर आणखी खाली. ऑगस्टच्या खुणेनंतर तर येरंबीची हवा वाळवंटाला लाजवील इतकी कोरडी.

“आपण याला दुष्काळ समजत होतो,” हेस्टर म्हणाली.

“दुष्काळ आहेच. पण एवढा नाही.”

“म्हणजे त्याने ओलसर हवा भरली आणि यंत्राला सांगितलं की हे शून्य. यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्या दिवसापासून तेवढी ओल प्रत्येक नोंदीतून वजा.” तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली. “बाजूला तो दुसरा साधा सेन्सर होता ना, पडताळ्याचा?”

“काकाकुव्यांनी त्याची केबल खाल्ली, मे महिन्यात. नवी आली तीही त्यांनीच खाल्ली.”

“मेले ते काकाकुवे.” हेस्टरने आलेख बाजूला सारला. “मेरिन, महिनाअखेर येरंबीच्या नोंदी बाहेर जाणार. मी हिवाळा कोरा सोडणार आहे. जून ते सप्टेंबर, ‘नोंद नाही’. दुसरा उपाय दिसत नाही.”

“कारण काय लिहिणार?”

“रकान्यात जे असतं तेच. ‘हाताळणाऱ्याची चूक’.”

हेस्टर वाईट नव्हती. अंत्यविधीला क्लेमच्या गावी, कूमापर्यंत गाडी हाकत आली होती, आणि सोबत आणलेला केक कुणाला न सांगता स्वयंपाकघरात ठेवून गेली होती. चूक होती हेही खरंच. पण क्लेमने काढलेला तो शेवटचा हिवाळा होता. तो कोरा राहिला असता, तर क्लेम मे महिन्यातच संपला असं दिसलं असतं.

“मला महिनाअखेरपर्यंत वेळ दे,” ती म्हणाली.

“कशासाठी?”

“शून्य किती ओलं होतं ते काढते. तेवढं परत मिळवलं की झालं.”

“मोजणार कशाने? काकाकुव्यांना विचारणार?”

“धुक्याला.”

हेस्टरने तोंडातली बी हातात घेतली. “हां,” ती म्हणाली. “बघ.”

*

धुक्याची गोष्ट अशी, की धुकं असतं तेव्हा हवा पाण्याने काठोकाठ भरलेली असते. आणखी एक थेंब तिच्यात मावत नाही. अमुक इतक्या थंडीत हवेत जास्तीत जास्त किती पाणी मावतं, हे शाळेच्या पुस्तकातही सापडतं. थर्मामीटर शाबूत होता. काकाकुव्यांना त्याची चव आवडली नसावी. दाट धुक्यात यंत्राच्या काचा भिजतात आणि नोंदी बिघडतात, पण सकाळी धुकं विरायला लागलं की काचा आधी वाळतात आणि हवा अजून काही काळ तुडुंब असते. तेवढी फट पुरते. त्या वेळी हवेत किती पाणी असायला हवं होतं आणि यंत्राने किती सांगितलं, यातला फरक म्हणजे त्या महिन्याचं शून्य किती ओलं होतं ते.

येरंबीच्या दरीत जूनमध्ये धुकं भरपूर पडतं. जुलैतही. मेरिन एकेक सकाळ काढत गेली. जूनचा फरक थोडा, पण सगळ्या सकाळी सारखाच. जुलैचा त्याच्या दुप्पट, तोही सगळ्या सकाळी सारखा. मुरलेला खोटारडासुद्धा इतकं एकसारखं खोटं बोलत नाही. तिने फरक परत मिळवला, आणि दोन्ही महिन्यांची रेषा मे महिन्याच्या रेषेला जाऊन चिकटली.

शून्याची वेळ मिनिटागणिक पक्की करायला तिला कच्च्या नोंदी हव्या होत्या. तिने आपला प्रोग्रॅम बंद केला. किती तरी वर्षांनी मंगळवार जसेच्या तसे पडद्यावर आले.

मार्चमधली वशिंडं तिला आठवत होती तशीच होती. दोन, टोकदार, शेजारी शेजारी. पहिल्या मंगळवारी त्यांच्या दोन जोड्या असत. कारण शून्य लावायला दोन फेऱ्या लागतात: आधी अवजारांची पिशवी आणि पंप घेऊन चढायचं, मग खाली येऊन नळी घेऊन पुन्हा चढायचं. वर पोचलं की प्रत्येक वेळी क्लेम काचा पुसायचा, गरज असो नसो. सगळं झालं की नळी खाली, गाडीत, घरी, रविवारी ओव्हनमध्ये.

जूनच्या पहिल्या मंगळवारी एकच जोडी होती.

जुलैतही एकच. ऑगस्टमध्येही एकच.

मेरिन खुर्चीत जरा मागे सरली. मेमध्ये शून्य लावल्यावर त्याने नळी खाली नेली नव्हती. वरच बांधून ठेवली, म्हणजे पुढच्या महिन्यात एका फेरीत भागेल. टोपणं घट्ट लावली असतील. पण येरंबीच्या धुक्यापुढे टोपणाचं काय चालतं? जूनमध्ये नळी अर्धीअधिक गेली असणार, जुलैत पूर्ण.

आणि जुलैत त्याला ती दिसली नसेल असं नाही. धुराची एक रेघ तीन डोंगरांपलीकडून ओळखणारा माणूस तो. हातातली नळी गुलाबी आहे, हे पाहूनच त्याने ती पंपाला जोडली.

तिने जुलैच्या त्या सकाळचा तुकडा ताणून मोठा केला. दोन टोकदार वशिंडांच्या आधी आणखी काही तरी होतं. बुटकं, लांबलचक, ढासळलेल्या बांधासारखं. मे महिन्यात तसं काही नव्हतं. जूनमध्ये थोडं होतं. ऑगस्टमध्ये ते जुलैहूनही लांब झालं होतं. कुणी तरी यंत्राच्या खाली, पायरीवर बसून, खूप वेळ नुसता श्वास घेत होतं.

असा फुगवटा वारा असता तर उमटलाच नसता; श्वास तेव्हाच्या तेव्हा उडून गेला असता. मनोऱ्यावर वारा मोजणारं यंत्रही होतं. मेरिनने त्याची रेषा खाली लावून पाहिली. त्या सकाळी पानही हलत नव्हतं.

तिला त्याच सकाळचा फोन आठवला. शून्याची खूण उमटली की ती फोन करायची, तो वर असतानाच.

“बाबा, खूण आली. छान. पण तुमचा आवाज असा काय येतोय?”

“वारा आहे गं इथे. सोसाट्याचा. टोपी धरून बसलोय.”

“मग उतरा आता. सांभाळून.”

“उतरतो. तू जेवलीस का? सकाळचे दहा वाजलेत हे माहीत आहे मला, तरी विचारतो.”

कूमाच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की फुप्फुसं फार दिवसांपासून गेलेली होती. आयुष्यभर धूर खाल्ल्यावर होतं तसं. यांना उन्हाळ्यापासून धाप लागत असणार, तुम्हाला कसं जाणवलं नाही? मेरिन म्हणाली होती, की थोडा खोकला आहे म्हणाले होते.

तिने प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. रेषा सपाट झाली. तिने तो पुन्हा बंद केला, आणि ऑगस्टकडे वळली.

ऑगस्टमध्ये एकही धुक्याची सकाळ नव्हती. महिना लागताच पश्चिमेचे वारे सुटले आणि रात्रंदिवस दरी झाडून काढत राहिले. फक्त सकाळी तासदोन तास थांबायचे. पडताळायला काठोकाठ भरलेली हवा कुठेच सापडेना. तिने पावसाच्या सकाळी पाहिल्या, पण पाऊस असा नव्हताच. दवाच्या सकाळी पाहिल्या, त्यांच्यावर भरवसा ठेवावा असं काही निघेना. जुलैचाच फरक ऑगस्टला चिकटवता आला असता. कुणाला कळलंही नसतं. पण जुलैत गुलाबी असलेली नळी ऑगस्टमध्ये किती गुलाबी, हे सांगणारं कुणी नव्हतं.

*

“जून आणि जुलै ठेव,” ती हेस्टरला म्हणाली. “ऑगस्टपासून कोरं.”

हेस्टरने आकडे दोनदा पाहिले. “धुक्याने बरी साक्ष दिली. ऑगस्टला जुलैचंच का लावत नाहीस? बाकीचे लावतात असं.”

“तो अंदाज होईल.”

“हो, होईल.” हेस्टरने चष्मा काढला. “एक कळत नाही. शून्य लावलंच नसतं तरी चाललं असतं. यंत्र महिन्या दोन महिन्यांत थोडंसं सरकतं, एवढंच. ओलं शून्य लावण्यापेक्षा न लावलेलं बरं. क्लेमला माहीत होतं की हे.”

“माहीत होतं.”

“मग का लावलं?”

“खूण उमटली नसती तर मी फोन करून विचारलं असतं, का नाही लावलं.”

हेस्टरने चष्मा पुन्हा लावला. बाहेर गवत कापायचं यंत्र चालू झालं आणि बंद पडलं.

“कारणाच्या रकान्यात काय लिहू?” हेस्टरने विचारलं.

“शून्यासाठी वापरलेली हवा कोरडी नव्हती.”

“बरं. पण त्याच्याखाली दुसरा रकाना आहे, ‘कशामुळे’.”

“नळी वर राहिली.”

“का राहिली?”

“दुसरी फेरी झाली नाही.”

हेस्टरने तसंच लिहिलं. ‘हाताळणाऱ्याची चूक’ पुढची खूण तिने काढली नाही, आणि मेरिननेही काढायला सांगितली नाही. मग मेरिनने स्वतःच्या हाताने ऑगस्टची पहिली तारीख ते सप्टेंबरात यंत्र दुरुस्तीसाठी उतरवल्याची तारीख निवडली आणि तेवढा भाग कोरा केला. श्वासाचा सगळ्यात लांब बांध त्यातच होता.

*

घर आवरायला ती कूमाला गेली तेव्हा ओव्हनच्या खालच्या कप्प्यात पत्र्याचा ट्रे होता, कडेला निळसर भुकटी लागलेला. शेजारची नोला बटाटे घेऊन डोकावली.

“काही भाजतेस का गं, पोरी? मी घरून तंगडी पाठवू?”

“नको. खडे आहेत. ओव्हन आता खाण्याला वापरायचा नाही.”

“क्लेम तर त्यातलंच आम्हाला वाढायचा!” नोला हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “तरीच मला कधी सांधेदुखी झाली नाही. ओल सगळी सुकली असणार.”

खडे भाजून निळे झाले. गार होईपर्यंत मेरिन ओट्याशी उभी राहिली आणि मग तिने ते नळीत भरले.

मंगळवार होता. वारा पडलेला. आधी ती पिशवी आणि पंप घेऊन चढली. यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा जागेवर बसलं होतं. काचांवर पराग आणि कसला तरी चिकट डाग. तिने श्वास रोखला, मऊ कापडाने खालची काच पुसली, मग मान वळवून दूर श्वास सोडला. पुन्हा रोखून वरची पुसली. डाग निघाला, चकचकीत म्हणावं इतका नाही. शेंड्यांमधून दोन काकाकुवे नव्या केबलकडे पाहत होते. तिने त्यांच्याकडे पाहून कापड झटकलं.

खाली आली, नळी घेऊन पुन्हा चढली. मधल्या टप्प्यावर तिला दम लागला. ती थांबली नाही, मग थोडी थांबली.

शून्य लागलं. खूण उमटली असणार. गाडीपाशी पोचेपर्यंत फोन वाजला. टेविटा होता, कॅनबेराहून. तिच्या खुर्चीत आज तो बसला होता.

“खूण आली. शून्य एकदम ठणठणीत.”

“बरं.”

“पण काय गं, काचा पुसल्यास का? रेषेवर काहीच दिसत नाही. मुद्दाम कच्ची नोंद उघडून बसलोय. म्हटलं, बापाची लेक आहे, दोन तरी वशिंडं देईल.”

“पुसल्या. श्वास रोखून.”

“मग तू आलीस गेलीस ते कशावरून समजायचं?”

“माझ्या सांगण्यावरून,” ती म्हणाली. “लिहून ठेव.”

टेविटाच्या बोटांचा आवाज फोनवर आला. “लिहिलं. नळी वर राहिली नाही ना?”

“नाही,” मेरिन म्हणाली. “दोन फेऱ्या झाल्या.”